गव्हाची ओंबी अर्ध्यावरच पांढरी पडते आहे: बुरशीनाशक कोणते आणि कधी फवारावे?

कादवाकाठ
९ फेब्रुवारी, रात्री ८.४०

नमस्कार मंडळी. माझी शेती दिंडोरी तालुक्यात कादवेच्या काठावर आहे. या वर्षी मक्याच्याच रानात रोटाव्हेटर मारून २४ नोव्हेंबरला दोन एकर लोकवन गहू पेरला. मक्याची धसकटे पुरती कुजली नव्हती, पण पेरणीला आधीच उशीर झाला होता म्हणून तसेच पेरले. पीक जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निसवले आणि नेमके फुलोऱ्यात असताना तीन दिवस आभाळ राहिले, दोन रात्री पाऊस पडला आणि पुढचे काही दिवस सकाळी दहापर्यंत दव हटत नव्हते. आता काही ओंब्या पूर्ण पांढऱ्या दिसतात, तर काहींचा मधला किंवा वरचा भाग तेवढा पांढरा पडला आहे आणि बाकीची ओंबी हिरवी आहे. पांढऱ्या भागात दाणा भरलेला नाही.

एका कृषी सेवा केंद्रात ओंबी दाखवली. तिथे ही बुरशी आहे एवढेच सांगून ट्रायअ‍ॅझोल आणि स्ट्रोबिल्युरिन असे दोन घटक एकत्र असलेले बुरशीनाशक दिले आणि आठ दिवसांनी पुन्हा फवारायला सांगितले. बाटली घरी आणून ठेवली आहे, अजून उघडलेली नाही. शेजारच्या गटात धाकट्या भावाचा एक एकर गहू आहे. त्याची पेरणी १४ डिसेंबरची असल्यामुळे तो आत्ता पोटरीतून बाहेर पडतो आहे. माझ्या गव्हावर फवारणीचा उपयोग होईल का आणि भावाच्या गव्हासाठी काय करावे, या दोन प्रश्नांवर जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पिंपळगावचा_बागाईतदार
९ फेब्रुवारी, रात्री ९.१५

दादा, मी मुख्यतः द्राक्षवाला आहे, गहू घरापुरताच करतो. आमच्याकडे भुरीवर ट्रायअ‍ॅझोल गटातली औषधे वर्षानुवर्षे चालतात आणि रोग दिसल्यावर फवारली तरी बऱ्यापैकी आटोक्यात येतो. त्यामुळे मला वाटते की उशीर न करता फवारणी घ्यावी. बागेसाठी आणलेले हेक्झाकोनॅझोल माझ्याकडे शिल्लक आहे, हवे असल्यास घेऊन जा. मात्र गव्हाच्या ओंबीवरच्या रोगाचा मला अनुभव नाही, तेव्हा ‘ओंबी’ या नावाने इथे उत्तरे देणाऱ्या सरांची वाट पाहावी.

ओंबी
९ फेब्रुवारी, रात्री १०.५०

कादवाकाठ दादा, बाटली उघडली नाही हे चांगले केले. मी वनस्पती रोगशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. औषधाचे नाव सांगण्याआधी मला दोन-तीन गोष्टी तपासून हव्या आहेत, कारण आपल्या जिल्ह्यात पांढरी ओंबी दिसली की ती बहुतेक वेळा बुरशीची नसते.

पहिली गोष्ट अशी की पूर्ण पांढरी ओंबी आणि अर्धवट पांढरी ओंबी यांची कारणे वेगळी असू शकतात. पूर्ण पांढरी, सरळ उभी राहिलेली ओंबी हातात धरून हलके वर ओढा. ती सहज उपसून आली आणि दांड्याचे खालचे टोक कुरतडलेले, आत भुशासारखी विष्ठा असलेले दिसले, तर तो गुलाबी खोडकिडा आहे. संपूर्ण ताटच मुळासकट उपटून आले आणि मुळे खाल्लेली किंवा मातीने लिंपलेली दिसली, तर वाळवी समजावी. बुंधा काळा किंवा कुजलेला असेल आणि त्यावर पांढरी बुरशी व मोहरीसारखे दाणे दिसले, तर ती मूळकूज किंवा खोडकूज आहे. या कोणत्याही कारणावर ओंबीवर फवारलेल्या बुरशीनाशकाचा काडीचाही उपयोग नाही.

अर्धवट पांढऱ्या ओंबीचा विचार वेगळा करावा लागतो. फ्युजेरियम ग्रॅमिनेरम या बुरशीमुळे होणारा ओंबीचा करपा, ज्याला शास्त्रीय लिखाणात हेड ब्लाइट किंवा स्कॅब म्हणतात, तो ओंबीतल्या एक-दोन फुलांपासून सुरू होतो. तेवढा भाग अकाली पांढरा पडतो आणि वरखालचा भाग हिरवा राहतो. पुढे बुरशी ओंबीच्या कण्यात उतरली की तिथून वरचा सारा भाग अन्नपाण्यावाचून वाळतो. ओल टिकून असेल तर पांढऱ्या दाण्यांच्या तुसांच्या बुडाशी फिकट गुलाबी किंवा नारिंगी थर दिसतो, आणि ही याची खरी खूण आहे. इंग्लंडमध्ये १८८४ साली या रोगाचे पहिले वर्णन झाले. आपल्या देशात तो नीलगिरीतील वेलिंग्टन परिसरात आणि पंजाब-हिमाचलच्या काही भागांत आढळल्याच्या नोंदी आहेत. नाशिकच्या कोरड्या जानेवारीत तो सहसा जमत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचे किमान तापमान आपण हिवाळ्यात रोज वर्तमानपत्रात वाचतो. ती कोरडी थंडी हेच आपल्या गव्हाचे मोठे संरक्षण आहे. पण फुलोऱ्यात तीन दिवस आभाळ, दोन रात्री पाऊस आणि शेतात मक्याची धसकटे, असा योग तुमच्याकडे जुळून आला आहे, म्हणून मी शक्यता नाकारत नाही.

असे करा. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून मिळून वीस रोगट ओंब्या दांड्यासह घ्या. उपसून येतात का ते पाहून त्या दोन गटांत वेगळ्या करा. अर्धवट पांढऱ्या ओंब्या ओलसर कागदात गुंडाळून झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घालून दोन दिवस घरातल्या तापमानात ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका. दोन दिवसांनी उघडून पाहा आणि इथे लिहा. डबा घराबाहेर उघडावा आणि नाकाला रुमाल बांधावा.

सिन्नर_शिवार
१० फेब्रुवारी, सकाळी ७.०५

सरांनी सांगितलेल्या पहिल्या मुद्द्याचा मला चांगलाच अनुभव आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे अशाच पांढऱ्या ओंब्या जागोजागी दिसू लागल्या, आणि शेजारच्यांनी ‘ओंबी करपली’ म्हटल्यावर मी आठ दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या केल्या. ओंब्यांची संख्या वाढतच राहिली. शेवटी माझ्या सासूबाई शेतात आल्या, त्यांनी एक ओंबी ओढून वर काढली आणि दांडा नखाने चिरला तर आत गुलाबी अळी होती. आधी भात किंवा मका असलेल्या रानात ही अळी धसकटात राहून गव्हावर येते, हे मला नंतर समजले. औषधाचे पैसे आणि दोन दिवसांची मजुरी वाया गेली, याची अजून चुटपुट लागते. म्हणून दादा, आधी ओंबी ओढून पाहाच.

कादवाकाठ
१२ फेब्रुवारी, सायंकाळी ६.३०

सर, ताई, सांगितल्याप्रमाणे केले. वीस ओंब्यांपैकी बारा पूर्ण पांढऱ्या होत्या. त्यांतल्या नऊ सहज उपसून आल्या आणि चिरल्यावर चार दांड्यांत अळी सापडली. उरलेल्या आठ ओंब्या अर्धवट पांढऱ्या होत्या. त्या डब्यात ठेवल्या आणि आज उघडल्या. पाच ओंब्यांवर तुसांच्या बुडाशी कापसासारखी पांढरी आणि मध्ये फिकट गुलाबी बुरशी आली आहे. एका ओंबीवर काळसर बुरशी दिसते आणि दोन ओंब्या जशाच्या तशा आहेत. म्हणजे माझ्या शेतात किडाही आहे आणि तुम्ही म्हणता तो रोगही आहे, असे दिसते. भावाच्या गव्हाच्या ओंब्या जवळजवळ पूर्ण बाहेर आल्या आहेत, पण पिवळे परागकोश अजून दिसत नाहीत. मोबाइलवरच्या अंदाजात १५ तारखेपासून पुन्हा ढगाळ हवामान दाखवत आहेत.

ओंबी
१२ फेब्रुवारी, रात्री ९.४०

दादा, तुम्ही एवढ्या काळजीने तपासणी केली म्हणून आता ठामपणे बोलता येईल. डब्यातली गुलाबी बुरशी फ्युजेरियमची असण्याची शक्यता मोठी आहे. काळसर बुरशी बहुधा पावसानंतर मेलेल्या भागावर वाढणाऱ्यांपैकी असावी आणि तिची चिंता करू नये. पक्क्या निदानासाठी उरलेल्या ओंब्या कोरड्या करून कागदी पाकिटात घालून कुंदेवाडीला दाखवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत नेल्या तर वाटेतच सडतात.

तुमच्या स्वतःच्या दोन एकरांत आता कोणतेही बुरशीनाशक फवारू नका. या रोगाची बाधा फुलोऱ्यात होते. गव्हाचे फूल उमलले की परागकोश बाहेर लोंबतात, वाळतात आणि तुसांत अडकतात. हवेतून व पावसाच्या थेंबांबरोबर आलेल्या बीजाणूंना तिथे अन्न आणि ओलावा मिळतो आणि बुरशी कोवळ्या दाण्यात शिरते. १५ ते ३० अंश तापमानात दोन-तीन दिवस ओंबी सतत ओली राहिली की बाधा होऊन जाते. आपल्याला पांढरी ओंबी दिसते ती त्यानंतर दीड-दोन आठवड्यांनी. पांढरा पडलेला दाणा कोणत्याही औषधाने पुन्हा भरत नाही. शिवाय काढणी आता महिन्याभरावर आली आहे आणि या वेळी फवारलेल्या औषधाचा अंश दाण्यात राहण्याचा धोका आहे.

भावाच्या गव्हासाठी मात्र हीच योग्य वेळ जवळ येते आहे. ओंबीच्या मधल्या भागात पहिले परागकोश दिसू लागतात, तिथून ते वर आणि खाली पसरतात. शेतातल्या साधारण निम्म्या मुख्य ओंब्यांवर परागकोश दिसले की फवारणीची वेळ झाली समजावे. त्या दिवसापासून पुढचे पाच-सहा दिवस उपयोगाचे असतात. त्याआधी, म्हणजे पोटरीत किंवा निसवताना फवारले, तर जी ओंबी अजून बाहेरच आली नाही तिच्यावर औषध पडत नाही. नंतर फवारले तर बुरशी आत गेलेली असते. तांबेऱ्यासाठी पानावर चार-आठ दिवस मागेपुढे झालेले चालून जाते. इथे मात्र एवढाच आठवडा हाती असतो, आणि इतर देशांत या रोगावर खर्च वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण चुकलेली वेळ हेच आहे.

आता औषधाविषयी लिहितो. या रोगावर जगभर मुख्य भिस्त ट्रायअ‍ॅझोल गटावर आहे, पण या गटातली सगळी औषधे सारखी नाहीत. अमेरिकेतील अनेक वर्षांच्या चाचण्या एकत्र करून २००८ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात मेटकोनॅझोलने, तसेच प्रोथिओकोनॅझोल आणि टेब्युकोनॅझोल यांच्या मिश्रणाने रोग साधारण ५० टक्के कमी झाला होता. एकट्या टेब्युकोनॅझोलने ४० टक्के आणि प्रोपिकोनॅझोलने ३२ टक्के घट झाली होती. ही बुरशी दाण्यात एक विषही तयार करते, त्याची घट त्याहून कमी होती. टेब्युकोनॅझोलने ती २३ टक्के आणि प्रोपिकोनॅझोलने अवघी १२ टक्के झाली. तांबेऱ्यासाठी आपल्या हाताशी नेहमी असणारे प्रोपिकोनॅझोल या रोगावर का कमी पडते, ते या आकड्यांवरून कळेल. सर्वांत चांगले औषध अचूक वेळी फवारले तरी निम्माच रोग कमी होतो, हेही लक्षात ठेवावे. तांबेऱ्यासारखा शंभर टक्के स्वच्छ परिणाम इथे कोणी कबूल करत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

तुम्हाला मिळालेल्या बाटलीत स्ट्रोबिल्युरिन आहे. हा गट पानावरच्या रोगांवर उत्तम चालतो. पण ओंबी बाहेर पडल्यानंतर तो फवारला तर फ्युजेरियमचे विष कमी होण्याऐवजी कधी कधी वाढलेले आढळले आहे. म्हणून अमेरिकेतील विद्यापीठे निसवणीनंतर या रोगासाठी स्ट्रोबिल्युरिनयुक्त मिश्रण वापरू नका असे स्पष्ट सांगतात. कार्बेन्डॅझिम या दुसऱ्या बुरशीनाशकाचेही कोणी नाव काढील. चीनमध्ये या रोगावर ते इतकी वर्षे आणि इतक्या वेळा फवारले गेले की १९९२ सालीच झेजियांग प्रांतात त्याला न जुमानणारी फ्युजेरियमची वाणे सापडली.

तेव्हा भावाच्या एक एकरासाठी एकट्या टेब्युकोनॅझोलचे, ज्याच्या डबीवरील पत्रकात गहू हे पीक छापलेले आहे असेच उत्पादन घ्यावे, आणि मात्रा व काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी ते काढणीतले अंतर, त्या पत्रकातलाच पाळावा. पंजाबात पिवळ्या तांबेऱ्यासाठी टेब्युकोनॅझोल असलेली औषधे गव्हावर शिफारशीत आहेत, त्यामुळे ते पिकाला नवे नाही. बागाईतदार दादांचे हेक्झाकोनॅझोल द्राक्षासाठी आणलेले आहे, ते गव्हावर वापरू नये. आणि १५ तारखेचे ढग आले नाहीत, दव लवकर हटले, पाऊस पडला नाही, तर काहीच फवारू नका.

पिंपळगावचा_बागाईतदार
१३ फेब्रुवारी, सकाळी ८.२०

सर, माझा सल्ला चुकीचा ठरला हे मान्य करतो. अंशाचा मुद्दा तर आम्ही द्राक्षवाल्यांनी कधी विसरू नये. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपला गेलेली आपली द्राक्षे अडकली होती, तेव्हाचे दिवस या भागातल्या प्रत्येक बागाईतदाराला आठवतात. एक शंका मात्र उरते. ट्रायअ‍ॅझोल आंतरप्रवाही आहे, ते झाडाच्या आत फिरते. मग ते वरच्या पानावर पडले तरी ओंबीपर्यंत पोहोचणार नाही का? आणि फवारणीसाठी आमचा ब्लोअर चालेल का?

ओंबी
१३ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

प्रश्न नेमका आहे. ट्रायअ‍ॅझोल झाडात शिरते, पण पाण्याच्या प्रवाहाबरोबर, म्हणजे पानात पडले तर त्याच पानाच्या शेंड्याकडे सरकते. झेंड्याच्या पानावर, म्हणजे ओंबीखालच्या सर्वांत वरच्या पानावर, पडलेले औषध परत देठाकडे येऊन ओंबीत चढत नाही. ओंबीला वाचवायचे असेल तर औषध ओंबीवरच पडले पाहिजे, आणि तेही तिच्या सर्व बाजूंनी.

अडचण इथेच येते. पान आडवे असते, त्यामुळे वरून पडलेला थेंब त्यावर बसतो. ओंबी उभी असते, तिच्यावर मेणाचा पातळ थर असतो आणि कुसळे असतात. सरळ खाली फवारले तर औषध पानांवर आणि जमिनीवर जाते व ओंबीची जेमतेम एक बाजू भिजते. ज्या देशांत हा रोग नेहमीचा आहे तिथे ट्रॅक्टरच्या बूमवर पुढे आणि मागे अशी दुहेरी तोंडे असलेली नोझल बसवतात. ती आडव्या रेषेपासून ३० ते ४५ अंश खाली झुकलेली असतात. थेंबाचा आकार साधारण ३०० ते ३५० मायक्रॉन ठेवतात. याहून बारीक थेंब वाऱ्याने उडतो आणि याहून मोठा थेंब ओंबीवरून ओघळून जातो.

आपल्याकडे पाठीवरचा पंप असतो, पण त्यानेही हे साधता येते. लान्स, म्हणजे पंपाची फवारणीची नळी, खाली न रोखता ओंबीच्या उंचीला तिरका धरावा, जाताना ओळीची एक बाजू भिजवावी आणि येताना दुसरी. एकरी २०० लिटर पाणी ठेवावे, म्हणजे १५ लिटरचे १३-१४ पंप होतात. याला दुप्पट चालावे लागते आणि मजूर कुरकुरतात, पण त्याला पर्याय नाही. ब्लोअर वापरू नये. त्याच्या हवेच्या जोराने फुलोऱ्यातला गहू आडवा होतो आणि लोळलेल्या गव्हात ओल अधिक टिकते. ड्रोनबद्दलही कोणी विचारतील. अमेरिकेत विमानाने या रोगासाठी फवारताना एकरी किमान ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर पाणी धरतात. आपल्याकडे ड्रोनने साधारण एकरी १० लिटर फवारतात. एवढ्या कमी पाण्यात ओंबीच्या दोन्ही बाजू भिजतील असे मला वाटत नाही, म्हणून एका एकरासाठी मी पाठीवरचा पंपच सुचवीन. सकाळचे जड दव उतरल्यावर, पण वारा सुटण्याआधी फवारावे. दवाने भिजलेल्या ओंबीवरून औषध ओघळून जाते.

येवला_मका
१३ फेब्रुवारी, रात्री ८.००

सर, आमच्याकडे येवला, चांदवड, मालेगाव पट्ट्यात मक्यामागे गहू हा नित्याचा क्रम आहे. तुम्ही पहिल्या उत्तरात धसकटांचा उल्लेख केला होता. हीच बुरशी मक्यावर असते का? असल्यास धसकटे जाळून टाकणे योग्य ठरेल का?

ओंबी
१३ फेब्रुवारी, रात्री ९.३०

होय, तीच. फ्युजेरियम ग्रॅमिनेरम मक्याच्या ताटाची आणि कणसाची कूज करते, आणि ताटे व धसकटे मातीवर पडून राहिली की त्यांच्यावर जगते व पुढच्या ओलाव्यात बीजाणू तयार करते. मक्यामागे गहू हा क्रम आणि वर पडलेले अवशेष, या दोन गोष्टींनी हा रोग वाढल्याचे अनेक देशांत दिसून आले आहे. मात्र जाळू नये. जमिनीतला सेंद्रिय कर्ब आपल्याकडे आधीच कमी आहे आणि जाळल्याने उरलेलाही जातो. ताटे कुट्टी करून जनावरांना घालावीत किंवा कंपोस्टात कुजवावीत. धसकटे नांगराने खोल पुरावीत, कारण रोटाव्हेटर ती वरच्या थरातच मिसळतो. गुलाबी खोडकिडाही त्याच धसकटात असतो, म्हणजे खोल नांगरटीने दोन्ही कामे होतात. पाणी कमी असेल तर मक्यानंतर गव्हाऐवजी हरभरा घेण्याचा विचार करावा.

गिरणीवाले
१४ फेब्रुवारी, सकाळी १०.४५

मी शेतकरी नाही. नाशिकरोडला आमची पिठाची गिरणी आहे. सरांनी दाण्यातल्या विषाचा उल्लेख केला म्हणून विचारतो. आमच्याकडे लोक घरचा गहू दळायला आणतात आणि कधी कधी त्यात खडूसारखे पांढरे, सुरकुतलेले, हलके दाणे दिसतात. ते दळले तर काय होते? भाकरी किंवा पोळी भाजल्यावर विष जाते का?

ओंबी
१४ फेब्रुवारी, दुपारी १.३०

गिरणीवाले भाऊ, प्रश्न विचारला हे फार बरे केले. फ्युजेरियमने पछाडलेला दाणा खडूसारखा पांढरट, कधी गुलाबी छटेचा, सुरकुतलेला आणि वजनाला हलका असतो. त्यात डीऑक्सीनिव्हॅलेनॉल नावाचे विष असू शकते. ते जास्त प्रमाणात पोटात गेल्यास मळमळ आणि उलट्या होतात. डुकरे या विषाला फार संवेदनशील असतात, असा दाणा पुढे ठेवला तर खात नाहीत. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने गव्हात या विषाची कमाल मर्यादा किलोला १००० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. पोळी भाजण्याच्या उष्णतेने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. दाण्याच्या बाहेरच्या थरात ते अधिक असते, त्यामुळे कोंड्यात त्याचे प्रमाण मैद्याहून जास्त मिळते, आणि आपण तर कोंड्यासकट पीठ खातो.

घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण पांढरा सुरकुतलेला प्रत्येक दाणा विषारी नसतो. उष्णतेने किंवा पाण्याच्या ताणाने पोचट राहिलेला दाणाही तसाच दिसतो. पण मळणीच्या वेळी पंख्याचा वारा वाढवला की हलके दाणे भुसकटाबरोबर उडून जातात आणि धान्यातला मोठा भाग स्वच्छ होतो. त्या दिवसाचे भुसकट मात्र वेगळे ठेवावे आणि गाभण किंवा दुभत्या जनावरांना घालू नये. उरलेले दाणे चाळून-पाखडून काढावेत आणि गहू कडक उन्हात वाळवून १२ टक्क्यांच्या आत ओलावा आल्यावरच कोठीत भरावा.

सिन्नर_शिवार
१४ फेब्रुवारी, सायंकाळी ७.२५

सर, काळ्या भुकटीने भरलेल्या ओंब्याही आमच्याकडे अधूनमधून दिसतात. त्यासाठीही हीच फुलोऱ्यातली फवारणी चालेल का? आणि बांगलादेशात गव्हाच्या ओंब्या पांढऱ्या करणारा एक रोग आला होता, तो हाच का?

ओंबी
१४ फेब्रुवारी, रात्री ९.००

ताई, काळी भुकटी म्हणजे काणी, आणि तिच्यावर उभ्या पिकात कोणतीही फवारणी चालत नाही. ती बुरशी बियाण्याच्या आत गर्भात लपलेली असते, त्यामुळे पेरणीपूर्वी किलोला २.५ ग्रॅम कार्बोक्सिन चोळावे. काणीची ओंबी दिसली की भुकटी उडण्याआधी पिशवीने झाकून कापावी आणि जाळावी. घरचे बियाणे ठेवणाऱ्यांनी हे चुकवू नये.

बांगलादेशातला रोग वेगळा आहे. तो गव्हाचा ब्लास्ट. १९८५ साली ब्राझीलच्या पाराना राज्यात तो प्रथम आढळला आणि २०१६ साली बांगलादेशात पोहोचला. त्याच्या धास्तीने पश्चिम बंगाल सरकारने २०१७ पासून सीमेलगतच्या मुर्शिदाबाद आणि नादिया जिल्ह्यांत गव्हाची पेरणी थांबवली. त्यातही कण्यावरच्या काळ्या डागापासून वरची ओंबी पांढरी होते, पण गुलाबी थर येत नाही. कादवाकाठ दादांच्या डब्यात गुलाबी थर आला, म्हणून तो विषय इथे येत नाही.

कादवाकाठ
१७ फेब्रुवारी, रात्री ८.१५

सर, सविस्तर कळवतो. दुकानदाराने बाटली परत घेऊन टेब्युकोनॅझोलचे दुसरे उत्पादन दिले. पत्रकात गहू छापलेला आहे, हे मी दोनदा वाचून खात्री केली. १५ तारखेला दुपारनंतर आभाळ भरून आले. काल सकाळी भावाच्या शेतात फिरून शंभर ओंब्या मोजल्या, त्यांतल्या साठावर परागकोश दिसत होते. आज सकाळी साडेनऊला दव उतरल्यावर दोघांनी मिळून तिरका लान्स धरून, जाताना एक बाजू आणि येताना दुसरी, असे १४ पंप फवारले. बांधाकडचे चार सारे मुद्दाम न फवारता सोडले आहेत, म्हणजे फरक समोर दिसेल. माझ्या दोन एकरांत काहीच फवारलेले नाही. रोगट ओंब्यांचे पाकीट कुंदेवाडीला देऊन आलो आहे.

ओंबी
१७ फेब्रुवारी, रात्री ८.५०

चार सारे सोडले हे फार चांगले केले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दाणा चिकात असताना, दोन्ही भागांतून प्रत्येकी शंभर ओंब्या घ्या आणि प्रत्येक ओंबीचा किती भाग पांढरा आहे ते लिहून ठेवा. त्यानंतर ओंब्या नैसर्गिकरीत्या पिवळ्या पडू लागतात आणि फरक ओळखू येत नाही.

कादवाकाठ
७ मार्च, रात्री ९.००

मोजणी केली. १६ आणि १७ फेब्रुवारीच्या रात्री आमच्याकडे हलक्या सरी पडल्या होत्या. न फवारलेल्या चार साऱ्यांत शंभरपैकी एकोणीस ओंब्या अर्धवट पांढऱ्या निघाल्या, फवारलेल्या भागात आठ. फवारलेल्या आठांपैकी बहुतेक बांधाच्या कडेच्या ओळींत आहेत, जिथे येताना दुसऱ्या बाजूने फवारायचे आमच्याकडून राहून गेले होते. कुंदेवाडीहून ओंब्यांत फ्युजेरियम असल्याचे सांगितले आहे. माझ्या दोन एकरांची मळणी पुढच्या आठवड्यात आहे. मळणीवाल्याला पंख्याचा वारा वाढवायला सांगितले आहे आणि भुसकटासाठी खळ्याच्या पलीकडे वेगळी जागा केली आहे.